चव्वेचाळीस खण अन सोळा दिवस

पत्र निलंगा तालुक्यातल्या एका पोरीचं आहे. आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला आहे, सध्या संभाजीनगरात मैत्रिणींसोबत रूम करून राहते. पत्र लांबलचक आहे, म्हणून मुद्द्याचं तेवढं देतो:

"काका, माझा थिसिस आमच्याच वाड्यावर आहे. आजोबांचा वाडा, ८० फूट बाय ५५, दगडमातीच्या भिंती, वर माळवद (मातीचं सपाट छप्पर), मधी चौक. ९३ च्या भूकंपात मागची बाजू पडली, पुढची अजून उभी आहे. तिथं गावासाठी लायब्ररी अन अभ्यासिका करायचं डिझाइन केलंय. ज्युरीला (परीक्षकांसमोर मांडायला) सोळा दिवस राहिलेत. मला १:५० मध्ये, म्हणजे खऱ्याच्या पन्नासाव्या हिश्शात, पूर्ण वाड्याचं मॉडेल करायचंय, सगळे ४४ खण (दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण), खांबाच्या नक्षीसकट. गाइड म्हणतात १:१०० कर अन मोकळी हो. बाबा म्हणतात पैसे देतो, मॉडेलवाल्याकडून करून घे. रूममेट म्हणते एवढं होतच नसतं. शीट्सचंही काम बाकी आहे त्यामुळं मॉडेलला दिवसाचे फार तर पाच तास मिळतील. आजीला पण दाखवायचंय, ती म्हणते पोरी वाडा नीट कर बरं. रात्री झोप लागत नाही. काय करू?"

बाळा, एक काम आज रात्रीच कर, बाकीचं उत्तर उद्या वाचलंस तरी चालेल. एक खण कर. ४४ नाही, एक. दोन खांब, त्यावर हस्त (खांबाच्या डोक्यावरचा लाकडी आधार), वर तुळई, तिच्यावर सर (छताची बारकी आडवी लाकडं) टाक, अन सुरू करताना मोबाइलवर टाइम लाव. झाला की लगेच दुसरा कर, मग तिसरा. पहिल्याला अडीच तास लागतील कारण अर्धा वेळ फेव्हिकॉलची बाटली शोधण्यात जातो, दुसऱ्याला दोन तास, अन तिसऱ्याला जो टाइम लागेल तो तुझा खरा टाइम, तो वहीत लिहून ठेव. आपल्याकडं जुनी माणसं घर फुटात सांगतच नव्हती ना, तीन खणाचं माजघर, पाच खणाचा सोपा (ओसरी) असं सांगायची, तर तूही तुझे दिवस खणातच मोज.

समज तिसरा खण ८० मिनिटांत झाला, हाताला सवय असलेल्या पोरीला साधारण तेवढा लागतोच, तर ४४ खणांचे झाले जवळजवळ ५९ तास. तुझ्याकडं सोळा दिवस गुणिले पाच म्हणजे ८० तास आहेत. उरले २१. त्या २१ तासांत भिंती, बेस, पायऱ्या, पडकी बाजू, तुझं नवीन डिझाइन, वाळायचा वेळ, अन एक रात्र लाइट जाणार ती धरून. होत नाही. रूममेट बरोबर बोलतीय, फक्त तिनं हिशोब करून सांगायला पाहिजे होतं.

पण म्हणून १:१०० वर जायचं का, तर माझ्या मते नाही. गाइड वेळेचं बोलतायत अन वेळेच्या बाबतीत त्यांचं एकदम बरोबर आहे. पण १:१०० मध्ये तुझा अख्खा वाडा २४ सेंटिमीटर बाय १७ होतो, वहीच्या पानापेक्षा बारका. नऊ इंची खांब होतो सव्वादोन मिलिमीटरचा, म्हणजे काडेपेटीची काडी, अन त्या काडीवर तुळई कशी टेकलीय हे कुणालाच दिसणार नाही. अन तुझ्या थिसिसमध्ये मला तरी तेवढंच दाखवण्यासारखं वाटतंय.

कामून ते सांगतो. तू पत्रात लिहिलंस मागची बाजू पडली अन पुढची उभी आहे, अन लगेच नक्षीवर गेलीस. अगं थांब की तिथं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं, आदल्या रात्री गणपती विसर्जन करून लोक झोपलेले, अन किल्लारीच्या पट्ट्यात त्या एका हादऱ्यात गावंच्या गावं बसली. तिथं माणसं मेली ती बहुतेक भिंतींखाली अन माळवदाच्या मातीखाली. आपली ती जाडजूड भिंत दिसते एक पण असतात दोन, बाहेरचा थर वेगळा, आतला वेगळा, मधी बारके दगड अन माती भरलेली, अन दोघांना बांधून ठेवणारे आरपार दगड बऱ्याच ठिकाणी घातलेलेच नव्हते, मग हादरा बसला की दोन थर फाकतात अन भिंत पोट फुटल्यासारखी बाहेर येते. वर माळवदावर दरवर्षी पावसाळ्याआधी नवीन मातीचा थर टाकायची पद्धत, त्यामुळं वरचं ओझं पिढ्यानपिढ्या वाढत गेलेलं. पण जिथं घर नीट खणाचं होतं, म्हणजे माळवद लाकडी खांबांवर अन भिंत नुसती आडोशाला, तिथं भिंत गेली तरी सांगाडा उभा राहिलेला लोकांनी बघितलाय. तुमचा पुढचा सोपा उभा आहे तो कशामुळं, हे तू जागेवर जाऊन बघितलंच असशील. नसशील तर आधी आजीला फोन लाव.

म्हणजे वाड्यात दोन गोष्टी आहेत, सांगाडा अन भिंत. मॉडेलमध्येही दोन वेगवेगळ्या हातांनी कर. सांगाडा खऱ्या लाकडाचा, जीव ओतून. भिंती मुक्या, साध्या, नुसत्या जाडीच्या, अन जमलं तर एक बाजू उचलून काढता येईल अशी. ज्युरीनं विचारलं की भिंत काढली तर काय होतं, तर तू काही न बोलता भिंत उचलून टेबलावर ठेवायची.

अन नक्षी सोड. रागावू नको, हिशोब सांगतो. हस्तावरचं फूल समज एक इंच उठावाचं असेल, ते १:५० मध्ये अर्धा मिलिमीटर होतं, अन मोठ्या कटरच्या ब्लेडची जाडीच तेवढी असते. ज्या हत्यारानं कोरायचं ते कोरायच्या वस्तूएवढं जाड आहे. कोरत बसलीस तर खांब कुरतडल्यासारखा दिसेल, उंदीर लागला म्हणतील. नक्षीचा एक खांब शीटवर मोठ्या स्केलमध्ये काढ, नाहीतर चांगला फोटो लाव, झालं. मॉडेलमध्ये हस्ताचा आकार बरोबर आला की डोळा बाकीचं भरून घेतो.

आता किती खण करायचे. चौकाच्या दोन बाजू, पुढचा सोपा अन ढेलज (दारातली देवडी), मिळून अठरा खण धर. ८० मिनिटांनी २४ तास होतात. बाकीच्या खणांवर माळवद बंद करून टाक अन आत काहीच करू नको, खांब नाही, फरशी नाही, धान्याचं बळद नाही, काही नाही. झाकलेल्या माळवदाखाली काय आहे हे ज्युरीला दिसत नसतं पण पोरं रात्र रात्र जागून तिथं कोनाडे करत बसतात, मी स्वतः केलेत, एका बंगल्याच्या मॉडेलमध्ये बाथरूममधलं बेसिन केलं होतं अन वरून स्लॅब चिकटवून टाकला. आजही ते बेसिन तिथंच असेल कुठंतरी.

उघड्या अठरा खणांत एक गंमत करता येते. सगळ्यांवर सारखं माळवद घालू नको. पहिल्या काही खणांत नुसते खांब अन तुळया दिसू दे, पुढच्यांवर सर, त्याच्या पुढं किलचन (सरांवर अंथरलेल्या बारीक लाकडांचा थर), अन शेवटच्या दोन-तीनवर माती. सोप्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत माणूस चालत गेला की माळवद थरथरानं कसं बनतं ते आपोआप कळतं, तुला सांगावं लागत नाही, अन कामही कमी होतं. पाच फुटाचा खण १:५० मध्ये ३० मिलिमीटरचा होतो, म्हणजे काडेपेटीची लाकडी काडी गूल काढून ३० ला कापली की एक सर तयार. खणाला सात धरले तर सगळ्या अठरा खणांना मिळूनही १२६ काड्या. खांबाला साडेचार-पाच मिलिमीटरची चौकोनी बाल्साची पट्टी घे, स्टेशनरीवाल्याकडं मिळते. किलचनला हिराच्या झाडूचे हीर बारीक चिरून, फार सुंदर दिसतं, विकत काही आणायला नको. तळखडे विसरू नको, खांबाच्या बुडाला छोटा दगडी चौकोन, माउंटबोर्डचे (जाड पुठ्ठ्याचे) तुकडे चालतील, ते नसले की खांब जमिनीतून उगवल्यासारखा वाटतो.

काड्या एकेक मोजून कापू नको. लाकडी पट्टीवर एक खिळा ठोकून स्टॉपर कर, काडी टेकव, काप, टेकव, काप. हे काम ज्युनिअर्सना दे, पोहे अन चहा दिला की दोन तासांत डबा भरून देतील. जोडकाम मात्र कुणाला देऊ नको.

भिंती अडीच फुटाच्या असतील तर १:५० मध्ये १५ मिलिमीटर, म्हणजे ५ मिलिमीटरचा सनबोर्ड (हलका प्लास्टिकचा बोर्ड) तिहेरी. आत पोकळ ठेवून दोन थर केलेस तर अजून बरं, जिथं भिंत फुटलेली आहे तिथं मधी जाडसर रवाळ माती भरून दाखव, खरी भिंत अशीच असते हे वर सांगितलंच. बाहेरून लिंपायला गावाकडची पांढरी माती मिळाली तर उत्तमच, कुणी येणारं असेल तर किलोभर पिशवीत मागव. पण वस्त्रगाळ करून घे, कारण एक मिलिमीटरचा खडा तुझ्या स्केलमध्ये पाच सेंटिमीटरचा दगड होतो, चाळली नाहीस तर भिंतीला पुरळ उठल्यासारखं दिसेल. फेव्हिकॉलच्या पाण्यात माती कालवली की रंग गडद होतो, वाळल्यावरही पूर्ण परत येत नाही, म्हणून तुकड्यावर आधी लावून बघ. शेतातली काळी अजिबात नको, वाळली की भेगाळते.

अन हो, सनबोर्ड लेझरवाल्याकडं नेऊ नको. तो पीव्हीसीचा असतो, लेझरखाली जाळला की त्यातून आम्लाचा वायू निघतो, मशीनही खराब होतं अन फुप्फुसंही, शहाणा लेझरवाला हात जोडतो. लेझरला एमडीएफ (दाबलेल्या लाकडी भुशाची शीट) दे: जोतं, चौकाच्या पायऱ्या, दरवाज्याच्या चौकटी, जे जे सरळ अन बिनचूक पाहिजे ते. फाइल उद्याच देऊन ये कारण ज्युरीच्या सीझनला त्यांच्याकडं लग्नसराईसारखी गर्दी असते. खाचा काढायच्या आधी शीटची जाडी व्हर्नियरनं मोज, तीनची म्हणून दिलेली शीट पावणेतीन निघते कधी, मग खाच ढिली.

बाबांचं म्हणशील तर या लेझरला त्यांचे पैसे घे, अन बेस सुताराकडून करून घे, बारा मिलिमीटरचा प्लाय, ६० बाय ४५ सेंटिमीटर, खालून दोन पट्ट्या मारलेल्या. त्यात कसला आलाय कमीपणा. सांगाडा मात्र विकत घेऊ नको. मॉडेलवाला तुझ्यापेक्षा सफाईनं करील यात शंका नाही, मी त्याच धंद्यात बावीस वर्षं घालवली. पण ज्युरीत कुणीतरी बोट ठेवून विचारणार की ही तुळई इथं कशावर टेकलीय, अन त्याचं उत्तर ज्यानं ती टेकवली त्याच्याच हातात असतं.

एक चूक माझी सांगतो, तू करू नको. सुरुवातीच्या वर्षांत एका सोसायटीचं मॉडेल होतं, फ्लोअरचा प्रिंट एका दिवशी काढला, भिंतींचा दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या वेळी कॉम्प्युटरवर 'फिट टू पेज' राहून गेलं अन सगळं तीन टक्क्यांनी आक्रसलं. तीन टक्के ऐकायला काहीच नाही, पण ५० सेंटिमीटरला दीड सेंटिमीटर होतात. कळलं कधी, तर शेवटून दुसऱ्या रात्री, भिंती उभ्या करताना, कोपरा कोपऱ्याला मिळेचना. मी आधी गुण्याला शिव्या दिल्या, मग मदतीला आलेल्या पोराला, अन पहाटे कधीतरी पट्टी प्रिंटवर ठेवली. सगळ्या भिंती परत कापल्या. तेव्हापासून प्रत्येक प्रिंटच्या कोपऱ्यात दहा सेंटिमीटरची रेघ काढतो अन कागद हातात आला की आधी ती रेघ मोजतो, बाकी ड्रॉइंग मग.

तुझी रूम मी बघितली नाही पण संभाजीनगरचा उन्हाळा बघितलाय, कुलर लावल्याशिवाय बसवत नसणार. बस खुशाल, पण माउंटबोर्ड कुलरच्या तोंडासमोर ठेवू नको, त्या दमट हवेनं रात्रीत पापडासारखा वाकतो, अन कापलेले हीर उडून पलंगाखाली जातात ते वेगळंच. बोर्डाला एकाच बाजूनं भरपूर फेव्हिकॉल फासला तरी तेच होतं, पातळ लाव अन वर जाडी पुस्तकं ठेव, शेवटच्या वर्षाला पुस्तकांचा तेवढा तरी उपयोग होऊ दे. फेव्हिक्विक फक्त अगदी अडलं तिथं, त्यानं बोटं चिकटतात, अन नवीन भागात अॅक्रेलिक वापरलंस तर कडेनं पांढरट धुकं बसतं ते पुसून जात नाही. म्हणून लायब्ररीचा नवीन भाग मी तरी साध्या पांढऱ्या बोर्डमध्येच केला असता, जुनं ते लाकूड अन माती, नवीन ते कोरं पांढरं, कुणाला लेबल वाचायची गरज नाही. थर्माकोलवर स्प्रे पेंट मारू नको, विरघळतो, हे दर वर्षी कुणीतरी नव्यानं शिकतं.

ब्लेडची टोकं मोडत राहा, कंजूषी नको. एका दमात कापायचं नाही, हलक्या हातानं तीन वेळा फिरव, पट्टी स्टीलचीच. अन रात्री एकनंतर कटर हातात घ्यायचा नाही, तेव्हा काड्यांना माती लाव, साफसफाई कर, काहीही कर. बोट कापलं की दोन दिवस जातात अन रक्त माउंटबोर्डवरून निघत नाही.

बाराव्या दिवशी हात वर करायचे. जे झालं ते झालं, त्यानंतर नवीन काही सुरू करायचं नाही. बारा पाचे साठ तास, त्यातले २४ सांगाड्याला, उरलेल्या ३६ मध्ये भिंती, बेस अन नवीन भाग आरामात बसतो. शेवटचे चार दिवस शीट्स, दुरुस्ती, वाळवणं, फोटो. फोटो काढताना कॅमेरा खाली, चौकात उभ्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीला धर, अन माळवदात सानं (उजेडासाठीचं भोक) ठेवलं असशील तर वरून मोबाइलचा टॉर्च मार. फूटभराचं सानं सहा मिलिमीटरचं भोक होतं, त्यातून आत उजेडाची तिरीप पडते ना, तो फोटो शीटच्या मधोमध लाव. हा सानं असलेला एक खण मात्र बंद ठेवू नको, वरच्या १८ मध्ये बसव.

गाइडना हे सगळं उद्याच सांग, लपवून करू नको. सरळ म्हण, सर पूर्ण वाडा नाही करत, अठरा खण उघडे करते, १:५० मध्येच, अन हा माझा टाइमचा हिशोब. हिशोब दाखवला की गाइड लोक सहसा आडवे येत नाहीत, त्यांना भीती एवढीच असते की पोरगी ज्युरीच्या दिवशी अर्धा वाडा घेऊन रडत येईल. अन मॉडेल भारी झालं म्हणजे डिझाइन पास झालं असं पण धरून बसू नको. लंडनच्या सेंट पॉल चर्चसाठी त्याचा आर्किटेक्ट क्रिस्टोफर रेन यानं १६७३-७४ मध्ये ओक लाकडाचं मॉडेल करून घेतलं, साधारण १:२५, सहा मीटरपेक्षा लांब, आजही तिथं जपून ठेवलेलं आहे. अन ते डिझाइन नापास झालं, चर्च बांधलं ते दुसरंच.

नेताना रिक्षाचं दार आधी मोज. बेस मी ४५ सेंटिमीटरचा सांगितलाय तो त्यासाठीच. मॉडेल मांडीवर नाही, सीटवर सपाट, खाली जाड टॉवेल, अन काढता येणारी भिंत वेगळ्या डब्यात. सोबत एक छोटी पिशवी ठेव, त्यात फेव्हिकॉल, चिमटा, जादा दोन खांब अन दहा-पंधरा काड्या. रस्ते तुला माहीत आहेतच.

राहिली आजी. तिला मॉडेल झाल्यावर दाखवायचं म्हणतेस, तसं नको. आत्ताच फोन कर अन तीन गोष्टी विचार: सानं नेमकं कोणत्या खणात होतं, माळवदावर जायचा जिना ढेलजेच्या कोणत्या हाताला, अन पडलेल्या बाजूला खांब भिंतीत होते की भिंतीपासून सुटे. पडलेला भाग कोणत्याच ड्रॉइंगमध्ये नाही ना, तिच्या डोक्यातच आहे. ती आधी म्हणेल मला काय कळतंय त्यातलं, अन मग अर्धा तास बोलेल. वही घेऊन बस.

तिसऱ्या खणाला किती मिनिटं लागली ते मला कळव. दोन तासांच्या वर गेलं तर अठराचे बारा करू.